दोन ससे, एक प्रथिन आणि अर्धा मेंदू

प्रयोगशाळेत अँटिबॉडी बनवायची असेल तर ससा हा फार सोयीचा प्राणी. हवं ते प्रथिन शुद्ध करायचं, प्रतिकारयंत्रणेला चेतवणाऱ्या तेलकट मिश्रणात घोटायचं आणि टोचायचं. काही आठवड्यांनी पुन्हा टोचायचं. मग कानाच्या शिरेतून रक्त काढून त्यातली अँटिबॉडी कामाला लावायची. शोधनिबंधात या सगळ्याला जेमतेम दोन ओळी मिळतात.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधक स्कॉट रॉजर्स आणि त्यांचे सहकारी हेच काम करत होते. ग्लूटामेट हे मेंदूतलं रसायन चेतापेशीच्या ज्या रिसेप्टरवर, म्हणजे संदेश झेलणाऱ्या प्रथिनावर बसतं, त्याचे वेगवेगळे प्रकार नुकतेच जनुकांच्या पातळीवर ओळखले गेले होते. मेंदूत कुठला प्रकार नेमका कुठे असतो हे पाहायला प्रत्येकाची वेगळी अँटिबॉडी हवी होती. यातल्याच ग्लूआर३ नावाच्या प्रकाराचं प्रथिन टोचलेल्या सशांपैकी दोघांना मात्र फिट येऊ लागल्या. पुन्हा पुन्हा आल्या.

आजारी पडलेला प्रयोगाचा प्राणी बाजूला काढून नवा आणणं सगळ्यांत सोपं. इथे तसं झालं नाही. सशांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली गेले. रक्तवाहिन्यांभोवती लिम्फोसाइट्स या प्रतिकाराच्या पांढऱ्या पेशींची गर्दी आणि मेंदूच्या बाह्यकात मायक्रोग्लिया या मेंदूतल्याच प्रतिकारपेशींची लहान लहान गाठोडी दिसली. हे चित्र मुलांच्या एका दुर्मीळ आजारात दिसतं, हे गटातल्यांच्या ध्यानात आलं. तो आजार म्हणजे रॅसमुसेन एन्सेफलायटिस.

आजार कसा असतो

जर्मनीतल्या एका पाहणीत १८ वर्षांपर्यंतच्या दर एक कोटी मुलांमागे वर्षाला या आजाराचे २.४ नवे रुग्ण आढळले. म्हणजे बहुतेक बालरोगतज्ज्ञांना उभ्या कारकिर्दीत एकही दिसणार नाही. पण एकदा पाहिलेला माणूस तो विसरत नाही. धडधाकट मूल, वय साधारण सहा, आधीचा काही आजार नाही. एक दिवस फिट येते, तीही शरीराच्या एकाच बाजूला. औषध सुरू होतं, मग दुसरं, मग तिसरं. फिट काही आटोक्यात येत नाहीत.

जवळपास निम्म्या मुलांमध्ये पुढे एक विचित्र प्रकार सुरू होतो. हाताचा अंगठा किंवा ओठाचा एक कोपरा सेकंदाला एकदोनदा उडत राहतो. मूल जेवतंय, बोलतंय, कार्टून बघतंय आणि तेवढा भाग आपला उडतोच आहे. तासन् तास, दिवसेंदिवस, कित्येकदा झोपेतसुद्धा. शुद्ध हरपत नाही. डोक्याला तारा लावून काढलेल्या ईईजीत कधी कधी काहीच सापडत नाही, त्यामुळे 'सवय आहे', 'मुद्दाम करतो' अशी बोलणी त्या मुलाला खावी लागतात. वास्तविक ती न थांबणारी फिटच असते. महिने जातात तसा त्या बाजूचा हात निकामी होतो, पाय ओढला जातो, डाव्या मेंदूला आजार असेल तर बोलणं अडखळतं, अभ्यासात मूल मागे पडतं. एमआरआय काढत गेलं की मेंदूचा एकच अर्धा भाग आक्रसत चाललेला दिसतो. दुसरा जवळजवळ शाबूत.

मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमधले शल्यविशारद थिओडोर रॅसमुसेन यांनी १९५८ साली दोन सहकाऱ्यांबरोबर असे तीन रुग्ण प्रसिद्ध केले. त्यातल्या पहिल्या मुलाला अटलांटातल्या एमरी विद्यापीठाचे एडगर फिन्चर यांनी १९४५ सालीच त्याच मॉन्ट्रियलच्या संस्थेतले वाइल्डर पेनफिल्ड यांच्याकडे पाठवलं होतं. कापून काढलेल्या मेंदूच्या तुकड्यांत दाह होता, म्हणून कारण विषाणू असणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं. पुढची तीन दशकं विषाणूचा शोध चालला. मधूनच कुणाला काही खुणा सापडायच्या, दुसऱ्या प्रयोगशाळेत त्या टिकायच्या नाहीत. ससे आजारी पडले ते अशा वेळी.

१९९४ चा निबंध

रॉजर्स, ड्यूक विद्यापीठातले अपस्माराचे, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजाराचे, तज्ज्ञ जेम्स मॅक्नामारा आणि इतरांनी १९९४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तीन गोष्टी मांडल्या. सशांमध्ये ग्लूआर३ विरुद्ध अँटिबॉडी तयार झाली तेव्हा फिट आल्या आणि मेंदूत रॅसमुसेनसारखा दाह दिसला. हा आजार असलेल्या मुलांच्या रक्तातही ग्लूआर३ ला चिकटणारी अँटिबॉडी सापडली. आणि एका अत्यवस्थ लहान रुग्णाचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशी वगळून उरणारा द्रव, वारंवार बदलल्यावर अँटिबॉडीचं प्रमाण उतरलं, फिट कमी झाल्या, हालचाल आणि बोलणंचालणं सुधारलं. सुधारणा तात्पुरती होती. पण होती.

या निबंधाने केवढी खळबळ माजवली असेल हे समजायला ग्लूटामेटचं काम थोडं पाहावं लागतं. मेंदूतला बहुतेक झटपट उत्तेजक संदेश ग्लूटामेट नेतं. एका चेतापेशीने ते सोडलं की पलीकडच्या पेशीवरचा रिसेप्टर काही मिलिसेकंदांसाठी उघडतो, सोडियम आत शिरतो आणि ती पेशी पेटते. गाबा हे रसायन याच्या उलट, आवर घालणारं. अपस्माराची बहुतेक औषधं या ना त्या वाटेने उत्तेजना कमी करतात किंवा आवर वाढवतात. म्हणजे अपस्मार हा विषय तोवर मुख्यतः पेशींच्या विजेचा आणि रसायनांचा होता. आता अचानक कुणी म्हणत होतं की शरीराची स्वतःची अँटिबॉडी थेट ग्लूटामेटच्या रिसेप्टरवर जाऊन बसते.

पुढच्याच वर्षी त्याला दुजोराही मिळाला. अशा अँटिबॉडी रिसेप्टरला नुसत्या चिकटत नाहीत, काही रिसेप्टर उघडतात सुद्धा, असं दाखवणारं काम १९९५ मध्ये आलं. बनावट किल्लीने कुलूप उघडावं तसा हा प्रकार. ग्लूटामेट नसतानाही दार उघडं, सोडियम आत, पेशी उत्तेजित. इतका सरळ दुवा वैद्यकात क्वचित सापडतो. मॅक्नामारांच्या गटातून मात्र वेगळी मांडणी पुढे आली: अँटिबॉडी बसली की कॉम्प्लिमेंट ही रक्तातली प्रथिनांची साखळी जागी होते आणि पेशीच्या कवचाला भोकं पाडते. पहिल्या मांडणीत आजार रसायनाचा होता, दुसरीत प्रतिकारयंत्रणेचा. दोन्ही गट एकाच अँटिबॉडीबद्दल बोलत होते, हे विशेष.

एक अडचण सुरुवातीपासून होती. रक्तातली अँटिबॉडी मेंदूच्या दोन्ही अर्धांना सारखीच मिळायला हवी. मग आजार एकाच बाजूला का? त्यावर उत्तर असं दिलं गेलं: आधी कुठल्या तरी कारणाने एका बाजूला फिट येते. फिटमुळे तिथला रक्त आणि मेंदू यांमधला अडसर काही काळ ढिला पडतो. अँटिबॉडी तेवढ्या भागात शिरते, तिच्यामुळे आणखी फिट, त्यामुळे अडसर आणखी ढिला. हे दुष्टचक्र कागदावर फार चोख बसतं. माझ्या मते या गृहीतकाला एवढं आयुष्य मिळालं ते या उत्तरामुळेच. प्रत्येक आक्षेपाला आत सामावून घेणारं गृहीतक वैद्यकात जरा जपूनच वापरावं.

पाया खचला कसा

एका घावात काही झालं नाही. आधी इतर प्रयोगशाळांनी रॅसमुसेन नसलेल्या रुग्णांचं रक्त तपासलं. २००१ आणि २००२ मध्ये आलेल्या दोन अभ्यासांत ग्लूआर३ विरुद्धची अँटिबॉडी अपस्माराच्या इतर रुग्णांतही सापडली, विशेषतः ज्यांच्या फिट आटोक्यात येत नव्हत्या त्यांच्यात. म्हणजे ती या आजाराची खूण नव्हती. कदाचित क्रम उलटाच असेल: वर्षानुवर्षं फिट येऊन चेतापेशी मरतात, त्यांचे तुकडे रक्तात उतरतात आणि प्रतिकारयंत्रणा त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवते. मग ती अँटिबॉडी आजाराचं कारण न राहता आजाराचा परिणाम ठरते.

२००४ मध्ये ऑक्सफर्डच्या अँजेला व्हिन्सेंट यांचा सहभाग असलेल्या अभ्यासाने तर मुळावरच बोट ठेवलं. वेगवेगळ्या पद्धतींनी तपासूनही रॅसमुसेनच्या रुग्णांत ग्लूआर३ विरुद्धची अँटिबॉडी जवळपास सापडलीच नाही. व्हिन्सेंट यांचं नाव इथे महत्त्वाचं, कारण अँटिबॉडीमुळे होणाऱ्या मज्जासंस्थेच्या आजारांवर त्यांची हयात गेली होती. अशा आजारांवर विश्वास नसलेल्या कुणी हे लिहिलं असतं तर एवढं वजन पडलं नसतं.

चाचणीची पद्धत हाही यातला एक धडा. इम्युनोब्लॉट चाचणीत प्रथिन आधी उलगडून, सरळ करून पट्टीवर पसरवतात. अँटिबॉडी तिथे चिकटली म्हणून जिवंत पेशीच्या पृष्ठभागावर, नीट घडी घातलेल्या रिसेप्टरला ती चिकटेलच असं नाही. १९९४ च्या गटाने ग्लूआर३ बनवणाऱ्या पेशींवरही तपासणी केली होती, पण रुग्णांची संख्या अगदी थोडी होती.

तिसरा धक्का विकृतिशास्त्राकडून, म्हणजे आजारी ऊतींच्या तपासणीतून आला. शस्त्रक्रियेत काढलेल्या मेंदूच्या काही नमुन्यांत चेतापेशींवर कॉम्प्लिमेंटच्या खुणा दिसल्या होत्या, सगळ्यांत नाही. २००२ मध्ये ख्रिश्चन बीन आणि सहकाऱ्यांनी मात्र वेगळाच हल्लेखोर दाखवला. सीडी८ जातीच्या टी-पेशी, म्हणजे इतर पेशींना थेट मारू शकणाऱ्या पांढऱ्या पेशी, चेतापेशींना अगदी खेटून बसल्या होत्या. त्यांच्या पोटात ग्रँझाइम-बी या विकराचे कण होते, समोरच्या पेशीला मरण्याचा हुकूम देणारे. आणि ते कण चेतापेशीच्या दिशेला वळलेले होते. विषाणूची लागण झालेली पेशी टी-पेशी जशी मारतात, हुबेहूब तसंच. पुढे २०१६ मध्ये असंही दिसलं की मेंदूत सापडणाऱ्या या टी-पेशींची काही घराणी (एकाच पेशीपासून वाढलेले समूह) त्याच रुग्णाच्या रक्तातही वाढलेली असतात. म्हणजे त्या चुकून जमलेल्या नाहीत, एका ठरावीक लक्ष्यावर आलेल्या आहेत. ते लक्ष्य कोणतं, याचा पत्ता अजून कुणालाच लागलेला नाही. आणि एकच बाजू का, या प्रश्नाचंही तेच.

मग प्लाझ्मा बदलल्यावर ते मूल सुधारलं कसं? प्लाझ्माबरोबर फक्त एक अँटिबॉडी जात नाही. दाह वाढवणारी सायटोकाइन्स (पेशींमध्ये निरोप नेणारी प्रथिनं), कॉम्प्लिमेंटची प्रथिनं, बरंच काही बाहेर पडतं. शिवाय अशा आजारात फिटची संख्या आपोआपही वरखाली होते, आणि उपचार बहुधा सगळ्यांत वाईट दिवसांत सुरू होतो. एका रुग्णातल्या सुधारणेवरून कारण सिद्ध होत नाही, हे वैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. तरी समोर मूल हसू-बोलू लागलं की ते पाठांतर आठवत नाही, आणि त्यात अमानुष असं काही नाही.

चुकलेल्या आरोपीच्या मागे उघडलेली वाट

ग्लूआर३ निर्दोष सुटलं. पण मेंदूतल्या रसायनांच्या रिसेप्टरवर शरीराची अँटिबॉडी जाऊन बसू शकते आणि त्यातून फिट येऊ शकतात, ही कल्पना मुळीच चुकीची नव्हती. २००७ मध्ये जोसेप दालमाऊ यांच्या गटाने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १२ स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. भ्रम, विचित्र वागणं, फिट, मग बेशुद्धी. आणि बहुतेकींच्या अंडाशयात टेराटोमा नावाची गाठ. इथे अँटिबॉडी ग्लूटामेटच्याच दुसऱ्या एका रिसेप्टरविरुद्ध होती, एनएमडीए.

ग्लूआर३ जिथे नापास झालं, तिथे एनएमडीए पास झालं, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत. ही अँटिबॉडी रिसेप्टरच्या पेशीबाहेर डोकावणाऱ्या भागाला चिकटते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या चेतापेशींवर रुग्णाची अँटिबॉडी घातली की रिसेप्टर पृष्ठभागावरून आत ओढले जाऊन कमी होतात. अँटिबॉडी काढली की परत येतात. आजाराची लक्षणं बऱ्याच अंशी मागे फिरतात ती यामुळेच. २०१३ मध्ये आलेल्या ५७७ रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षांनी ८१ टक्के रुग्णांची स्थिती चांगली होती. रॅसमुसेनमध्ये असं घडत नाही, कारण टी-पेशीने मारलेली चेतापेशी परत येत नाही.

इथे एक शंका येईल. एनएमडीए हा उत्तेजना देणारा रिसेप्टर. तो कमी झाला तर मेंदू शांत व्हायला हवा, मग फिट का? मेंदूत आवर घालणाऱ्या पेशीही आहेत आणि त्यांना कामाला लावायला हाच रिसेप्टर लागतो. त्या ढिल्या पडल्या की पुढचं सगळं जाळं मोकाट सुटतं, असं मानलं जातं. 'ग्लूटामेट म्हणजे फिट, गाबा म्हणजे शांतता' हे सूत्र परीक्षेपुरतं ठीक.

टी-पेशी आणि अँटिबॉडी यांच्याशिवाय तिसरा मार्गही आता बराच स्पष्ट झालाय आणि तो अपस्माराच्या कितीतरी जास्त रुग्णांना लागू पडतो. मिलानमध्ये अ‍ॅनामारिया वेझ्झानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की फिट आल्यावर मेंदूतल्याच ग्लिया पेशी, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी, इंटरल्यूकिन-१ बीटा सोडतात. हे सायटोकाइन एनएमडीए रिसेप्टरमध्ये असा रासायनिक बदल घडवतं की त्यातून जास्त कॅल्शियम आत शिरतं, आणि पुढची फिट यायला कमी निमित्त पुरतं. ज्यात अँटिबॉडी नाही, विषाणू नाही, अशा अपस्मारातही प्रतिकारयंत्रणा आणि रसायनं अशी एकमेकांत गुंतलेली असतात. १९९४ मध्ये 'रसायन की प्रतिकार' असा जो वाद होता, तो आज कुणी त्या शब्दांत घालणार नाही. अपस्मारविरोधी आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ च्या वर्गीकरणात अपस्माराच्या सहा प्रकारच्या कारणांत 'प्रतिकारजन्य' हे स्वतंत्र कारण म्हणून घातलं.

हल्ली मोठ्या शहरांत 'ऑटोइम्यून पॅनेल', म्हणजे अशा अँटिबॉडी शोधणाऱ्या चाचण्यांचा संच, सहज पाठवलं जातं. रक्त आणि पाठीतलं पाणी, दोन्ही. एनएमडीए, एलजीआय१, कास्पर२, एएमपीए, गाबा-बी अशी चेतापेशींवरच्या प्रथिनांची नावं रिपोर्टात येतात. त्यातलं एखादं 'वीकली पॉझिटिव्ह', म्हणजे पुसटसं सापडलेलं, आलं की घरचे गूगल उघडून बसतात. त्यांना ग्लूआर३ ची गोष्ट सांगण्यासारखी आहे. अँटिबॉडी पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाविरुद्ध आहे का, पाठीतल्या पाण्यातही आहे का, आणि रुग्णाची लक्षणं त्या अँटिबॉडीच्या ओळखीच्या चित्रात बसतात का, हे न पाहता नुसत्या रक्तातल्या खुणेवर महिनोन्महिने स्टिरॉइड देणं बरोबर नाही.

मुलाचं काय

रॅसमुसेनवर आज औषधं आहेत ती टी-पेशींना लगाम घालणारी. बीन यांच्याच गटाने २०१३ मध्ये २१ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत विभागून टॅक्रोलिमस हे टी-पेशींना दाबणारं औषध किंवा शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी) दिलं. दोन्हींमुळे मेंदूची आणि हातापायांची हानी मंदावली. फिट मात्र हटल्या नाहीत. यातून एक अवघड पेच तयार होतो. हात शाबूत राहतो, म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. फिट चालूच राहतात, म्हणून मूल शिकत नाही, झोपत नाही.

कारण फिट खरोखर थांबवणारा उपाय एकच: आजारी अर्धा मेंदू निरोगी अर्ध्यापासून तोडणं. पूर्वी तो अख्खा काढून टाकत. मग वर्षांनंतर त्या पोकळीत थोडं थोडं रक्त झिरपून नवे त्रास सुरू होत. ते टाळण्यासाठी मेंदूचा काही भागच काढून, उरलेला जागीच ठेवून त्याच्या जोडण्या तोडण्याची पद्धत १९७० च्या दशकात काढली, तीही रॅसमुसेन यांनीच. आता ती बरीच सुधारली आहे. भारतात दिल्लीचं एम्स आणि तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा अशा केंद्रांत ती होते, आणि आपल्याकडच्या काही कुटुंबांना त्यासाठी प्रवास करावा लागतो.

किंमत आधीच ठाऊक असते. विरुद्ध बाजूच्या हाताच्या बोटांची नाजूक हालचाल जाते, नजरेचा अर्धा पट्टा जातो. चालता बहुधा येतं. आजार उजवीकडे असेल तर निर्णय त्यातल्या त्यात सोपा. डावीकडे असेल तर भाषेचा प्रश्न येतो: पाच-सहा वर्षांच्या मुलात उजवा मेंदू बोलण्याचं काम उचलण्याची शक्यता बरी असते, वय वाढेल तशी ती घटते. म्हणजे ज्या मुलाचा हात अजून चालतोय, त्याच्या आईवडिलांना तो हात गमावण्याला संमती द्यायची असते. थांबलं तर हात आजारच घेऊन जाईल आणि तोवर बोलणं दुसरीकडे सरकण्याचं वयही निघून गेलेलं असेल. टॅक्रोलिमस ही मुदत लांबवतं. पण ती किती लांबली, हे सांगणारी रक्ताची चाचणी अजून नाही, त्यामुळे दर काही महिन्यांनी एमआरआय, हाताची पकड आणि भाषेची चाचणी यांवरच निर्णय टेकलेला असतो.